लहान दवाखान्यातील सेवकवर्ग आणि आरोग्यविमा

(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यातील व्यवसाय मार्गदर्शन सत्रात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कार्यकारिणीने मला विषय दिला होता तो 'दंतवैद्यकीय व्यवसाय आणि स्वयंरोजगार' असा. आपल्या समाजातली मुले-मुली आज दंतवैद्यक शिकून बाहेर पडत आहेत, कर्ज काढून दवाखाने थाटत आहेत, ही आनंदाची गोष्ट आहे. खुर्ची कोणती घ्यावी, जागा कुठे पाहावी, बँकेचे कर्ज कसे मिळवावे, यावर त्यांना सांगणारे पुष्कळ आहेत. म्हणून अध्यक्षांच्या परवानगीने मी आजचा विषय जरा अरुंद केला आहे. डॉक्टरच्या शेजारी जी मुलगी दिवसभर उभी असते, दारात बसून जी नोंदणी करते आणि संध्याकाळी जी मावशी फरशी पुसते, त्या आजारी पडल्या तर त्यांचे काय होते, आणि त्यांना दवाखाना चालवणाऱ्याने कोणता विमा द्यावा, एवढ्यावरच मी बोलणार आहे.

या सभागृहात डॉक्टर थोडे असतील, पण दवाखान्यात, मेडिकल दुकानात, गॅरेजमध्ये, झेरॉक्सच्या दुकानात काम करणारे घरोघरी आहेत. तेव्हा हा विषय सगळ्यांचाच आहे, असे मी मानतो.

कारखान्याच्या फाटकाबाहेरची पिढी

पिंपरीत १९५४ साली हिंदुस्तान अँटिबायोटिक्स उभी राहिली. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि त्यानंतर चिंचवड, भोसरी, आकुर्डीच्या माळावर कारखान्यांची रांग लागली. मराठवाडा, सोलापूर, नगर, विदर्भ या भागांतून आपली माणसे इथे आली. ज्यांना कायम नोकरी मिळाली त्यांच्या हातात पगाराबरोबर आणखी एक गोष्ट आली, ती म्हणजे राज्य कामगार विमा योजनेचे, म्हणजे आपल्या बोलण्यातले 'ई.एस.आय.'चे कार्ड. त्या कार्डावर बायको-मुलांची औषधे झाली, बाळंतपणे झाली. मोहननगरच्या कामगार विमा रुग्णालयाबद्दल तक्रारी सगळ्यांनी केल्या, पण औषधपाण्यासाठी घर गहाण पडले नाही ते त्याच कार्डामुळे.

या योजनेच्या मुळाशी बाबासाहेबांचे नाव आहे, हे आपल्यातल्या पुष्कळांना ठाऊक नसते. १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. त्यांच्याच खात्याने मार्च १९४३ मध्ये प्रा. बी. पी. आडारकर यांच्याकडे औद्योगिक कामगारांच्या आरोग्यविम्याची योजना तयार करण्याचे काम सोपवले. आडारकरांचा अहवाल १९४४ साली आला. त्याच पायावर १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा झाला आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर आणि दिल्ली येथे योजना प्रत्यक्ष सुरू झाली. आजारी कामगाराने दयेवर जगू नये, वर्गणी भरून हक्काने उपचार घ्यावेत, हा त्यामागचा विचार होता.

आज काय दिसते? वडील कारखान्यात होते, त्यांच्याकडे कार्ड होते. मुलगी बारावी झाली, दंतवैद्याच्या दवाखान्यात मदतनीस म्हणून लागली. तिच्याकडे कार्ड नाही. कारण दवाखान्यात माणसे पाच किंवा सहा. वडिलांचे संरक्षण वडिलांच्या निवृत्तीबरोबर संपले, ते वारशाने आले नाही. निगडीपासून भोसरीपर्यंत आणि मोशीपासून चाकणपर्यंत दर चौकात दाताच्या दवाखान्याची पाटी आहे. तिथे येणारा रुग्ण खिशातून कंपनीचे विमा कार्ड काढतो, आणि ते कार्ड हातात घेऊन नाव लिहून घेणाऱ्या मुलीला स्वतःला कसलाच विमा नसतो. ही विसंगती आपण रोज पाहतो आणि तिची सवय करून घेतो.

आजारपणाचे दोन खर्च

आमच्या दवाखान्यात आज काम करणारी एक मुलगी पूर्वी दुसरीकडे कामाला होती. तिथे असताना पावसाळ्यात तिला डेंग्यू झाला. प्लेटलेट्स उतरल्या, पाच दिवस खासगी रुग्णालयात राहावे लागले. बिल तिच्या तीन महिन्यांच्या पगाराएवढे झाले. ते तिने बचत गटातून आणि मामाकडून पैसे घेऊन भरले. पुढे अशक्तपणामुळे वीस दिवस कामावर जाता आले नाही आणि त्या वीस दिवसांचा पगार कापला गेला. ज्या दवाखान्यात हे घडले त्याचे नाव घेण्याचे कारण नाही. बहुतेक लहान दवाखान्यांत हेच घडले असते.

या उदाहरणातून एक गोष्ट नीट ध्यानात घ्या, कारण पुढचा सगळा हिशेब तिच्यावर उभा आहे. आजारपणाचे खर्च दोन असतात. एक रुग्णालयाचे बिल आणि दुसरा बुडालेला पगार. आपण 'मेडिक्लेम' म्हणतो तो विमा फक्त पहिला खर्च देतो, दुसरा देत नाही. हातावर पोट असलेल्या माणसाला मात्र कित्येकदा दुसराच खर्च जास्त जड जातो.

दंतवैद्याच्या दवाखान्यातले धोके

कोणताही विमा घेण्याआधी, आपल्या कामात माणसाला काय काय होऊ शकते याची यादी करावी. दंतवैद्याच्या दवाखान्यात पहिला धोका वापरलेली सुई टोचण्याचा. भूल दिल्यानंतर सुई उचलताना किंवा अवजारे धुताना मदतनिसाच्या बोटाला इजा होते. त्यातून ब प्रकारची कावीळ, क प्रकारची कावीळ आणि एच.आय.व्ही. यांचा संसर्ग होऊ शकतो. दुसरा धोका, यंत्राने दात साफ करताना उडणाऱ्या बारीक तुषारांचा. त्यातून श्वसनाचे रोग पसरतात, हे २०२० च्या करोना साथीने सगळ्या जगाला शिकवले. तिसरा, क्ष-किरणांचा. चौथा, तासन् तास वाकून उभे राहिल्याने होणारे मान आणि पाठ यांचे दुखणे.

यांपैकी ब प्रकारच्या काविळीवर लस आहे. तिचे तीन डोस असतात. पहिला दिला की एक महिन्याने दुसरा आणि सहा महिन्यांनी तिसरा. शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी रक्ताची तपासणी करून प्रतिकारशक्ती आली की नाही हे पाहता येते. ही लस दवाखान्याच्या खर्चाने सफाई करणाऱ्या मावशींसह सर्वांना द्यावी. सुई टोचली तर जागा साबण-पाण्याने धुवावी, दाबून रक्त काढू नये आणि ताबडतोब सरकारी रुग्णालय गाठावे. एच.आय.व्ही.पासून बचावाची औषधे शक्यतो दोन तासांत आणि उशिरात उशिरा ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात. एवढे केल्यावर मग विम्याची पॉलिसी पाहावी. लस न देता नुसती पॉलिसी देणे म्हणजे छप्पर गळत असताना खाली बादल्या मांडण्यासारखे आहे.

आणखी एक सांगतो, ते ऐकून पुष्कळांना नवल वाटते. साध्या आरोग्यविम्यात दातांचे उपचार बहुधा येत नाहीत. अपघातात दाताला इजा होऊन रुग्णालयात दाखल व्हावे लागले तरच येतात. तेव्हा दंतवैद्याने आपल्या सेवकांचे दात स्वतःच मोफत पाहावेत, त्यासाठी विमा शोधू नये.

समोरच्या वाटा

पहिली वाट कर्मचारी राज्य विम्याची. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि जुना १९४८ चा कायदा तिच्यात सामावला गेला. दहा किंवा अधिक माणसे कामाला असतील तर हा विमा बंधनकारक आहे. दहापेक्षा कमी असतील, तर मालक आणि बहुसंख्य कर्मचारी यांची संमती असल्यास स्वखुशीने अर्ज करण्याची सोय संहितेत आहे. पगाराची मर्यादा महिना २१,००० रुपये आहे. वर्गणी १ जुलै २०१९ पासून मालकाची ३.२५ टक्के आणि कर्मचाऱ्याची ०.७५ टक्के अशी झाली; त्यापूर्वी ती ४.७५ आणि १.७५ टक्के होती.

हिशेब करून पाहू. १५,००० रुपये पगारावर डॉक्टरने महिन्याला सुमारे ४८८ रुपये भरायचे आणि मुलीने सुमारे ११३ रुपये. असे सहा जण असतील तर डॉक्टरचा वर्षाचा खर्च पस्तीस हजारांच्या आसपास जातो. त्या बदल्यात काय मिळते? कर्मचारी आणि त्याच्या कुटुंबाला उपचार. आधीचा आजार आहे म्हणून कोणी नाकारत नाही. आई-वडील उत्पन्नाच्या मर्यादेत अवलंबून असतील तर त्यांनाही उपचार. नव्या संहितेत तर स्त्री कर्मचाऱ्याच्या सासू-सासऱ्यांचाही समावेश केला आहे. आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के रक्कम मिळते. १५,००० पगाराच्या मुलीला दिवसाला ३५० रुपये होतात. डेंग्यू झालेल्या त्या मुलीला वीस दिवसांचे सात हजार मिळाले असते. क्षयासारख्या दीर्घ आजारात यापेक्षा जास्त दराने आणि जास्त काळ मदत मिळते. बाळंतपणात २६ आठवड्यांचा पूर्ण पगार. कामावर इजा झाली तर वेगळा लाभ.

त्यातही बाळंतपणाचा मुद्दा विशेष आहे. पगारी प्रसूती रजेचा कायदा दहा माणसांपासून पुढे लागू होतो. सहा माणसांच्या दवाखान्यातल्या मुलीला कायद्याने पगारी रजा मिळत नाही. लग्न झाले, दिवस गेले की ती काम सोडते किंवा तिला सोडायला लावतात. दंतवैद्याच्या मदतनीस बहुतेक विशीतल्या मुली असतात. त्यांच्या दृष्टीने या एका लाभाची किंमत मेडिक्लेमच्या लाखांपेक्षा जास्त आहे.

या वाटेवरच्या अडचणीही सांगितल्या पाहिजेत. रोख लाभ मिळण्यासाठी ठरावीक दिवसांची वर्गणी भरलेली असावी लागते. आजारपणाच्या लाभासाठी सहामाहीत ७८ दिवस. नेमलेल्या दवाखान्यात जावे लागते, रांग असते. चिंचवडला राहणाऱ्याला मोहननगरचे रुग्णालय हाकेच्या अंतरावर आहे. चाकणला राहणाऱ्याला तेच वीसएक किलोमीटर पडते, आणि नाशिक रस्त्यावरची वाहतूक आपल्याला माहीत आहे. आणि दर महिन्याला वेळेवर भरणा आणि नोंदी ठेवण्याची शिस्त डॉक्टरला लावून घ्यावी लागते.

दुसरी वाट गट विम्याची. आपल्याकडे मेडिक्लेम १९८६ साली सरकारी विमा कंपन्यांनी आणला. १९९९ च्या कायद्यानंतर खासगी कंपन्या आल्या. गट विमा मालकाच्या नावाने असतो आणि सर्व कर्मचारी त्यात येतात. कंपन्या साधारणपणे किमान सात जणांचा गट मागतात. याचा मोठा फायदा असा की मधुमेह, रक्तदाब असे आधीचे आजार पहिल्या दिवसापासून धरून घेता येतात. मात्र तसे पॉलिसीत स्पष्ट लिहून घ्यावे लागते. तोटे तीन. पॉलिसी दरवर्षी नव्याने ठरते, आणि एका वर्षी मोठा दावा झाला की लहान गटाचा हप्ता एकदम चढतो. कर्मचाऱ्याने नोकरी सोडली की संरक्षण संपते; त्याच कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याची सोय असते, पण ती वेळेत मागावी लागते. तिसरे, २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्यविम्यावरचा जी.एस.टी. रद्द झाला, गट विम्यावर मात्र तो १८ टक्के राहिला.

तिसरी वाट, प्रत्येकाच्या नावाने वैयक्तिक किंवा कौटुंबिक पॉलिसी काढून हप्ता डॉक्टरने भरायचा. पॉलिसी कर्मचाऱ्याची राहते, नोकरी बदलली तरी चालू राहते. १ एप्रिल २०२० पासून प्रत्येक कंपनीला 'आरोग्य संजीवनी' नावाची एकसारख्या अटींची पॉलिसी ठेवणे भाग आहे. अटी सर्वत्र सारख्याच, त्यामुळे तुलना सोपी होते. तिच्यात प्रत्येक दाव्यात पाच टक्के रक्कम आपण भरायची असते आणि खोलीचे भाडे विमा रकमेच्या दोन टक्के, जास्तीत जास्त दिवसाला ५,००० रुपये एवढेच धरतात. वैयक्तिक पॉलिसीचा मोठा तोटा म्हणजे थांबण्याचा काळ. पहिले तीस दिवस अपघात सोडून काही मिळत नाही, काही ठरावीक आजारांना पुढे आणखी थांबावे लागते, आणि आधीच्या आजाराला तीन वर्षांपर्यंत.

चौथी वाट सरकारी योजनेची, आणि ती विकत घ्यावी लागत नाही. २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली, २०१३ मध्ये राज्यभर गेली आणि २०१७ पासून ती महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना म्हणून ओळखली जाते. २०२४ पासून केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेशी जोडून राज्यातल्या सर्व शिधापत्रिकाधारक कुटुंबांना ती खुली झाली, आणि कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे संरक्षण आहे. हृदय, मूत्रपिंड, कर्करोग अशा मोठ्या दुखण्यांत तिचा आधार आहे. पण ती यादीतल्या उपचारांपुरती आणि योजनेत असलेल्या रुग्णालयांपुरती आहे. साध्या तापासाठी आणि बुडालेल्या पगारासाठी ती नाही. दुसऱ्या राज्यातून आलेल्या सेवकाची इथली शिधापत्रिका नसेल, तर त्याच्या गावचे आयुष्मान कार्ड निघाले आहे का हे विचारून घ्यावे.

पाचवी वाट, 'विमा कशाला, पाचशे रुपये पगार वाढवून देतो' अशी. ही वाट सर्वांत सोपी दिसते, म्हणून पुष्कळ जण तीच धरतात. पण सहा घरांत वाटलेले पाचशे रुपये किराण्यात जातात. त्यांत गैर काही नाही, कारण पगार असतोच घर चालवायला. मात्र आजारपण आले की हाताशी काहीच उरत नाही. विम्याचे तत्त्वच असे की सहा जणांनी थोडे थोडे बाजूला ठेवायचे आणि ज्याच्यावर वेळ येईल त्याला पुरेसे मिळायचे.

निवड करताना आम्ही काय केले

आमच्या दवाखान्यात सेवक सहा आणि डॉक्टर दोघे. तीन वर्षांपूर्वी आम्ही विम्याचा विचार सुरू केला, तेव्हा एजंटला बोलावण्याआधी सेवकांना एकत्र बसवले. प्रत्येकाला एक कागद दिला. वय किती, घरात कोण कोण, शिधापत्रिका कोणती, घरात कोणाला कारखान्यामुळे विमा आहे का, काही जुना आजार आहे का, आणि दुखले-खुपले तर कोणत्या रुग्णालयात जाता.

त्या कागदांनी आमचे डोळे उघडले. दोघींचे नवरे चाकणच्या कारखान्यांत कंत्राटी कामाला होते आणि त्यांच्या ई.एस.आय.मध्ये या दोघी आधीच येत होत्या. त्यांना ते माहीत होते, आम्हाला नव्हते. एकीचे लग्न ठरले होते. एका मुलीची आई मधुमेही होती. आणि सफाई करणाऱ्या मावशींना, वय ५६, स्वतःला रक्तदाब आणि मधुमेह दोन्ही होते. म्हणजे सहा माणसांच्या सहा गरजा. सर्वांना एकच स्वस्त पॉलिसी दिली असती तर जिला सर्वांत जास्त गरज, त्या मावशींनाच तीन वर्षे काही मिळाले नसते.

एका एजंटने मला यावर उपाय सुचवला. 'अर्जात मधुमेह लिहूच नका, लहान रक्कम आहे, कोण पाहतो?' मी त्याला चहा देऊन परत पाठवले. मित्रहो, हे कटाक्षाने टाळा. हप्ता घेताना कोणी पाहत नाही, हे खरे. पण दावा आला की जुन्या चिठ्ठ्या काढून पाहतात. खोटे लिहिलेले सापडले तर दावा नाकारला जातो, पॉलिसीही रद्द होते. आणि खोटे लिहिले एजंटने, सही मावशींची, दंड मावशींना. शिकलेल्या माणसाने न शिकलेल्या माणसाकडून अशी सही घेणे हा मोठा अन्याय आहे.

शेवटी आम्ही दोघे डॉक्टर धरून आठ जणांचा गट केला आणि आधीचे आजार पहिल्या दिवसापासून धरलेली पॉलिसी घेतली. वैयक्तिकपेक्षा ती महाग पडली. पण मावशींना बाहेर ठेवून जी स्वस्ताई मिळणार होती ती आम्हाला नको होती. सेवकांचा हप्ता दवाखाना भरतो. आई-वडिलांना घ्यायचे असेल तर ती जादा रक्कम सेवकाने द्यायची, पण दहा हप्त्यांत आणि त्याच्या लेखी संमतीने. आता नव्या संहितेमुळे स्वखुशीच्या ई.एस.आय.चा प्रश्न आमच्यापुढे आला आहे, आणि त्यावर सेवकांशी बोलणे चालू आहे. लग्न झालेल्या मुलीचे मत त्या बाजूचे आहे, मावशींना त्यांचे नेहमीचे रुग्णालय सोडवत नाही. बहुमत घेऊन ठरवू.

पॉलिसीत काय वाचावे

पॉलिसी हातात आली की चार गोष्टी वाचाव्यात. पहिली, खोलीच्या भाड्याची मर्यादा. समजा मर्यादा ३,००० रुपयांची आहे आणि तुम्ही ६,००० रुपयांची खोली घेतली. तर केवळ भाड्याचा फरक कापत नाहीत. औषधे, तपासण्या आणि शरीरात बसवायच्या वस्तू सोडून डॉक्टर, शस्त्रक्रिया वगैरे इतर खर्चही त्याच प्रमाणात, म्हणजे निम्मा, धरतात. ८०,००० चे ४०,००० होतात. दुसरी, आपल्या घराजवळचे रुग्णालय बिनरोखीच्या यादीत आहे का. चाकणच्या माणसाला पुण्यातल्या नामांकित रुग्णालयांची लांबलचक यादी देऊन उपयोग नाही. तिसरी, थांबण्याचा काळ. चौथी, बाळंतपण धरले आहे का आणि किती रकमेपर्यंत.

बिनरोखीच्या सोयीबाबत विमा नियामकाने २०२४ साली नियम केला आहे. मंजुरीचा निर्णय एका तासात आणि रुग्णालयातून सोडताना अंतिम मंजुरी तीन तासांत झाली पाहिजे. हे माहीत असले की काउंटरवर ठामपणे बोलता येते. दावा अन्यायाने नाकारला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करावी. तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा समाधान झाले नाही तर पुण्यात विमा लोकपालांचे कार्यालय आहे, तिथे एका वर्षाच्या आत जाता येते. वकील लागत नाही, फी लागत नाही.

अपघातासाठी एक स्वस्त सोय प्रत्येकाने करावी. २०१५ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला २० रुपये बँक खात्यातून जातात आणि अपघाती मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्व आल्यास दोन लाख मिळतात. रात्री नऊला दवाखाना बंद करून भोसरी-चाकण रस्त्याने दुचाकीवर घरी जाणाऱ्या मुलीसाठी ते वीस रुपये डॉक्टरने भरले तर फार मोठा दानधर्म होत नाही.

कागद असल्याशिवाय हक्क नाही

शेवटचा मुद्दा सांगून थांबतो. कोणताही विमा असो, ही मुलगी या दवाखान्यात कामाला आहे याचा पुरावा लागतो. आपल्या लहान व्यवसायांत नेमणुकीचे पत्र नसते, हजेरीपट नसतो, पगार पाकिटातून दिला जातो. मग विम्याच्या वेळी ती 'कर्मचारी' उरत नाही, 'मदतीला येणारी' ठरते. म्हणून डॉक्टर मित्रांना माझे सांगणे आहे, नेमणुकीचे पत्र द्या, हजेरी ठेवा, पगार बँकेत भरा. विम्याचा हप्ताही रोखीने भरू नका. धनादेशाने किंवा बँकेतून भरलात तर व्यवसायाचा खर्च म्हणून प्राप्तिकरात तो दाखवता येतो. आणि नऊ माणसे पटावर, दोन पटाबाहेर, अशी मोजणी करून कायदा चुकवू नका. फाटकाबाहेर उभे राहण्याचे दुःख आपल्या वडीलधाऱ्यांनी भोगले आहे. आपल्याच दारात ते कोणाच्या वाट्याला येऊ नये.

काम करणाऱ्या मुलामुलींना सांगतो, नोकरी धरताना पगार विचारता तसा विमाही विचारा. विचारण्यात लाज नाही. दवाखान्याने नाही म्हटले तरी शिधापत्रिका आणि आधार घेऊन स्वतःचे आयुष्मान कार्ड काढा आणि ब काविळीची लस मागा.

आणि संस्थेला माझी नम्र सूचना आहे. पुढच्या रक्तदान शिबिराच्या दिवशी दोन टेबले जास्तीची मांडावीत. एकावर आयुष्मान कार्डाचे अर्ज भरून द्यावेत, दुसऱ्यावर पॉलिसी वाचून तिच्यातल्या अटी मराठीत समजावून सांगाव्यात. दुसऱ्या टेबलावर बसायला मी येईन. पुस्तकाच्या जाडीची पॉलिसी घरात असते आणि ती वाचणारा कोणी नसतो, अशी आपल्या वस्तीत पुष्कळ घरे आहेत.